बायोचार आणि बी: ट्रेमध्ये कोळसा मिसळण्याआधी हळिवाची परीक्षा घ्या

रोपवाली (ठाणे पश्चिम)

मे महिना लागला की ठाण्या-नवी मुंबईतल्या गच्चीबाग गटांवर एकच विषय असतो, पावसाळ्याआधी वांगी, मिरची, दोडका, पडवळ यांची रोपं तयार करणं. यंदा त्यात बायोचारची भर पडली आहे. कुणी लिहितं, "बी भराभर रुजलं, रोपं तरतरीत आहेत." दुसऱ्याचं दुसऱ्या दिवशी येतं, "सगळं बी गेलं, ट्रे ओतून टाकला." मला वाटतं दोघंही खरं बोलत आहेत. दोघांच्या हातातला कोळसा वेगळा आहे, मात्रा वेगळी आहे, आणि बी रुजणं व रोप वाढणं या दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे.

आधी थोडक्यात ओळख. लाकूड, करवंट्या, तूस, काटक्या असं काहीही हवा फारशी लागू न देता तापवलं की ते जळून राख होत नाही, त्याचा कोळसा होतो. साधारण ३५० ते ७०० अंश सेल्सिअसला हे होतं. हा कोळसा मातीत घालण्यासाठी केला की त्याला बायोचार म्हणतात. तो मातीत फार हळू कुजतो, त्याला असंख्य बारीक छिद्रं असतात, त्यात पाणी आणि हवा दोन्ही राहतात. ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉन खोऱ्यातल्या काळ्या मातीचं उदाहरण सगळे देतात. पण ती माती नुसत्या कोळशाने झालेली नाही. कोळशासोबत हाडं, मासे, मलमूत्र, स्वयंपाकघरातला कचरा असं शेकडो वर्षं पडत राहिलं, तेव्हा ती झाली. पाकीट फोडून कुंडीत ओतल्यावर ते आपल्याकडे एका हंगामात होणार नाही.

आता बियाचं. बी रुजताना त्याला खत लागत नाही. लागतं ते पाणी, हवा आणि ऊब. पहिली शिदोरी बियाच्या पोटात असते. म्हणजे रुजण्याच्या टप्प्यावर बायोचार मदत करतो ती ओलावा आणि हवा यांचा मेळ राखून. आणि अडथळा आणतो तो तीन वाटांनी: क्षार जास्त असले तर बियाला पाणी ओढता येत नाही, सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल की अल्क याचं माप) फार चढला तर कोवळं मूळ भाजतं, आणि कोळशात डांबरट, धुरकट पदार्थ अडकलेले असले तर ते बियाला सरळ विषासारखे लागतात.

बीजपत्रं उघडली, पहिलं खरं पान आलं की गणित बदलतं. शिदोरी संपत येते आणि मूळ मातीतून नत्र मागू लागतं. ताजा कोरडा बायोचार नेमका तेव्हा नत्र धरून ठेवतो. शिवाय त्याच्यातला सहज कुजणारा भाग खाऊन जिवाणू वाढतात आणि तेही नत्र उचलतात. त्यामुळे "सगळं बी छान रुजलं, पण पंधरवड्यात रोपं पिवळी पडून खुंटली" ही तक्रार अगदी खरी असू शकते. बी उत्तम रुजलं म्हणजे कोळसा चांगला, असं त्यावरून ठरत नाही.

मात्रेचा घोळ सर्वांत मोठा. संशोधनात मात्रा हेक्टरी टनांत देतात, आणि आपण मुठीने मोजतो. हेक्टरी १० टन म्हणजे एका चौरस मीटरला १ किलो. लाकडाचा हलका, चुरलेला बायोचार १ किलो घेतला तर अंदाजे ४ लिटर भरतो. तो वरच्या १० सेंटिमीटर मातीत मिसळला, तर तिथे माती १०० लिटर असते. म्हणजे आकारमानाने ४ टक्के. पश्चिम ऑस्ट्रेलियात गहू, मूग आणि क्लोव्हर (एक चाऱ्याचं पीक) या पिकांवर केलेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात पेट्री डिशमध्ये (प्रयोगशाळेतल्या उथळ ताटलीत, मातीशिवाय) गव्हाची उगवण हेक्टरी १० ते ५० टनांना बहुतेक वेळा वाढली, १०० टनांना तो फायदा राहिला नाही. १०० टन म्हणजे वरच्या हिशोबाने ४० टक्के. आपल्याकडे "अर्धी माती, अर्धा बायोचार" असं लिहिणारे लोक त्याच्याही पुढे जातात. रोपांच्या ट्रेसाठी मी ५ टक्क्यांवर जात नाही, मोठ्या कुंडीत १० टक्के पुरे.

आता शीर्षकातलं हळीव. डिंकाच्या, खोबऱ्याच्या लाडवांत घालतो तेच. कंपोस्ट किंवा बायोचार झाडांना घातक आहे का हे पाहायला जगभरच्या प्रयोगशाळा हेच बी वापरतात, कारण ते एका दिवसात फुटतं आणि विषारी पदार्थाला चटकन दाद देतं. वाण्याकडे मिळतं, घरात असतंच. जुनं, किडकं नको, एवढंच पाहा.

तीन झाकणाचे डबे घ्या. तळाला टिश्यू पेपर.

पहिल्या डब्यात साधं पाणी शिंपडून मोजून बी पसरा. हा तुलनेचा डबा.

दुसऱ्यासाठी बायोचार पाण्यात रात्रभर भिजवा, पाणी कापडातून गाळा आणि त्या पाण्याने टिश्यू ओला करा. तितकंच बी.

तिसऱ्या डब्यात टिश्यू साध्या पाण्याने ओला करून बी पसरा, शेजारी लहान वाटीत ओलसर बायोचार ठेवा. कोळसा बियाला शिवता कामा नये. झाकण घट्ट लावा.

हा तिसरा डबा मला फार महत्त्वाचा वाटतो. एडिंबरोच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की कोळसा तयार होताना निघालेला धूर त्याच्यावरच परत थंड होऊन बसला, तर त्यातून उडणारी वाफसुद्धा हळिवाचं रुजणं रोखते. नुसत्या गाळलेल्या पाण्याने ते नेहमी कळत नाही.

तीन दिवसांनी पाहा. किती रुजलं ते मोजाच, पण मूळ पट्टीवर ठेवून मोजा. हळीव विषारी जागीही पुष्कळदा फुटतं, फरक मुळात दिसतो. चांगल्या डब्यात मूळ पांढरंशुभ्र, सरळ, बारीक लव असलेलं. बिघडलेल्या डब्यात टोक तपकिरी, मूळ आखूड आणि जाड, लव गायब.

हिशोब असा करायचा. समजा साध्या पाण्यात २० पैकी २० रुजले आणि मुळं सरासरी ४० मिलिमीटर. बायोचारच्या पाण्यात १८ रुजले आणि मुळं ३० मिलिमीटर. तर ०.९ गुणिले ०.७५, म्हणजे ६७.५ टक्के. कंपोस्टसाठी ही पद्धत वापरतात तेव्हा ८० च्या वर आलं तर घातकपणा नाही असं धरतात. ६७ आलं तर तो कोळसा बियाजवळ नको.

कुणी करून पाहिलं असेल, करणार असाल, तर इथे लिहा. पाकिटाच्या कंपनीचं नाव नको. कोळसा कशाचा आणि दिसायला-वासाला कसा, ते लिहा.

घोडबंदरकर

छान लिहिलंय. वाचनखूण साठवली. एक शंका. करवंट्या घरी भरपूर साठतात. पत्र्याच्या डब्यात भरून, झाकणाला भोक पाडून गच्चीवर बायोचार केला तर चालेल का? यूट्यूबवर फार सोपं दाखवतात.

रोपवाली (ठाणे पश्चिम)

सोसायटीच्या गच्चीवर कृपा करून नको. डब्यातून सुरुवातीला जो पिवळट पांढरा धूर येतो तो दमेकऱ्यांना फार त्रासदायक असतो, आणि घोडबंदर रोडला इमारती इतक्या लागून आहेत की तो थेट समोरच्याच्या खिडकीत जाणार. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली आहे, साध्या जाळण्याला ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळलं तर २५ हजार रुपये दंड. आपला हेतू चांगला असला तरी शेजाऱ्याला दिसतो तो धूरच.

गावी मोकळी जागा असेल तर जरूर करा. तिथेही डब्यापेक्षा जमिनीत शंकूच्या आकाराचा खड्डा बरा. तळाला जाळ करायचा, वरून पातळ थर टाकत जायचं, एका थरावर राखाडी पापुद्रा दिसू लागला की पुढचा थर. वरच्या ज्वाळेत धूर जळून जातो आणि खालच्या कोळशाला हवा मिळत नाही. शेवटी भरपूर पाणी ओतून विझवायचं. डब्यात मात्र धूर आतच कोंडतो आणि थंड होताना कोळशावर बसतो. वर तिसऱ्या डब्याबद्दल लिहिलं ते यासाठीच.

आणि जुनं फर्निचर, प्लायवूड, रंगवलेल्या फळ्या, सनमायका अजिबात वापरू नका. त्यातले गोंद आणि रंगातले धातू सगळे कोळशात उतरतात.

केमिकल_काका (ऐरोली)

ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायनांतच नोकरी झाली, त्यामुळे दोन शब्द.

तापमानाचा मुद्दा ताईंनी ओझरता घेतला. साडेतीनशेच्या आसपास केलेल्या कोळशात उडणारे, डांबरट पदार्थ जास्त उरतात. सहाशेच्या वर ते बरेचसे निघून जातात, पण राखेचा अंश वाढतो आणि सामू चढतो, ९-१० सहज मिळतो. म्हणजे दोन्ही टोकांना बियाला त्रास, फक्त कारण निराळं. पहिल्यावर उपाय हवा देणं, पसरून ठेवणं, कंपोस्टमध्ये मुरवणं. दुसऱ्यावर उपाय पाण्याने धुणं, कारण पोटॅशचे क्षार पाण्यात सहज उतरतात. रोग न ओळखता औषध नको.

घरच्या घरी ओळखायचं तर कोळसा बोटांवर चोळा आणि नुसत्या पाण्याने हात धुवा. चांगला कोळसा धुऊन जातो. तेलकट डाग राहिला, साबण लागला, धुराचा किंवा डांबराचा वास आला, तर तो पहिल्या प्रकारचा. सामू पाहायला पट्ट्या मिळतात, एक भाग कोळसा आणि दहा भाग शुद्ध पाणी घालून तासाभराने पाहा.

आणि कोरडा कोळसा चुरताना तोंडाला मास्क लावा, आधी पाणी शिंपडा. ती धूळ फुप्फुसात जायला फार बारीक असते.

आगरवाडी (घणसोली)

ताई, मला वाचताना सारखा राब आठवत होता. आमची भातशेती सिडकोत गेली, पण आजोबांच्या तोंडून सगळं ऐकलंय. माघ-फाल्गुनात झाडांचे टहाळ तोडून आणायचे. आवणाच्या (भाताच्या कोवळ्या रोपांच्या) जागेवर खाली शेण, वर टहाळ, त्यावर पातेरा आणि गवत, आणि सगळ्यात वर मातीचा पातळ थर. वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचं, म्हणजे आग धावत नाही, धुमसत सरकते. पाऊस पडला की त्याच जागेत भात पेरायचा. आजोबा सांगायचे, राब नीट भाजला तर आवण गुडघ्याएवढं हिरवंगार, आणि कच्चा राहिला तर तणच जास्त.

मग हा आपला बायोचारच झाला ना? आपले लोक शेकडो वर्षं हेच करत होते.

रोपवाली (ठाणे पश्चिम)

दादा, या आठवणीबद्दल मनापासून आभार. ठाणे-कुलाब्याच्या (म्हणजे आताच्या रायगडच्या) शेतकऱ्यांनी राबासाठी टहाळ तोडण्याच्या हक्कावर इंग्रज सरकारशी मोठी झुंज दिली होती, इतका तो त्यांच्या भाताचा आधार होता. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरल्ड मान यांनी सहकाऱ्यांबरोबर राबाचा शास्त्रीय अभ्यास केला, तो १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला.

पण राब आणि बायोचार एक नव्हेत, आणि हा फरक कळणं आपल्या कामाचं आहे. राबात मुख्य काम होतं ते माती तापण्याचं. वरच्या थरातलं तणाचं बी मरतं, रोगजंतू कमी होतात, आणि तापलेल्या मातीतलं सेंद्रिय नत्र मोकळं होऊन कोवळ्या आवणाला लगेच मिळतं. शेणाचं आणि पाल्याचं पोटॅश, स्फुरद राखेतून येतं. मातीच्या थराखाली धुमसल्यामुळे थोडा कोळसाही उरतो, पण तो त्यातला लहान भाग. "कच्चा राहिला तर तण जास्त" हे तुमच्या आजोबांचं वाक्य हेच सांगतं.

बायोचार तुम्ही थंड मातीत थंडच घालता. तण मरत नाही, नत्र मोकळं होत नाही, उलट ताजा असेल तर बांधलं जातं. म्हणून पाकिटातल्या कोळशाकडून राबाचं फळ मागू नये.

आपल्याकडे बायोचारचा खरा फायदा दिसतो तो आम्लधर्मी लाल मातीत. २०१७ मध्ये जगभरच्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. उष्ण कटिबंधात उत्पन्न सरासरी २५ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं, समशीतोष्ण प्रदेशात सरासरी वाढ नाहीच. कारण उष्ण प्रदेशातल्या पुष्कळ जमिनी आम्ल आणि निकस, तिथे बायोचार चुन्यासारखं आणि थोडंफार खतासारखं काम करतो. कोकणची जांभ्याची माती त्याच गटातली. पण गच्चीवरच्या कोकोपीट-गांडूळखताच्या मिश्रणाला तो नियम लागू होत नाही. ते मुळात फारसं आम्ल नसतं. तिथे सामू आणखी चढला की लोह मिळेनासं होतं.

आगरवाडी (घणसोली)

पटलं. आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली राखेचा थर पहिल्या पावसात वाहून जाऊ नये म्हणून बांध आधी नीट करायचे. म्हणजे राखही महत्त्वाची होतीच.

नवखी कुंडी (पनवेल)

माझा प्रश्न अगदी ताजा आहे. कोकोपीट आणि बायोचार अर्धं-अर्धं घेऊन मिरची, टोमॅटो लावले. बी मस्त रुजलं. आता तिसरं पान आलंय आणि रोपं पिवळी. काय करू? टाकून द्यायची जिवावर येतायत.

रोपवाली (ठाणे पश्चिम)

टाकू नका. आधी पिवळं कुठून सुरू झालंय ते सांगा. खालची पानं, म्हणजे बीजपत्रं आणि पहिलं पान आधी पिवळं असेल तर नत्र कमी पडलंय. वरचं नवं पान पिवळं आणि त्याच्या शिरा मात्र हिरव्या असतील तर सामू चढून लोह अडकलंय.

नवखी कुंडी (पनवेल)

खालची! वरचं पान फिकट हिरवं आहे, शिरा वेगळ्या दिसत नाहीत.

रोपवाली (ठाणे पश्चिम)

मग सोपं आहे. गोमूत्र असेल तर एकास दहा पाणी करून, नाहीतर गांडूळखताचं पाणी, आठवड्यातून दोनदा थोडं-थोडं द्या. आणि रोपं मोठ्या कपांत हलवताना नव्या मिश्रणात बायोचार घालूच नका, मुळाभोवती आहे तेवढा पुरे. नवी पानं हिरवी येतील. खालची पिवळी झाली ती झाली, ती परत हिरवी होत नाहीत, त्यांच्याकडे पाहून घाबरू नका.

पुढच्या वेळी बायोचार मुरवून घ्या. समान भाग ओलं गांडूळखत किंवा शेणखत आणि बायोचार कालवून, झाकून, सावलीत दोन-तीन आठवडे ठेवायचं. जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ यांचं आंबवलेलं पाणी) शिंपडलं तर उत्तम. ओलावा हातात घट्ट दाबल्यावर एखादाच थेंब निघेल एवढा. त्या काळात कोळशाची छिद्रं नत्राने आणि जिवाणूंनी भरतात, मग तो रोपाकडून मागत नाही. कोरडा बायोचार आधी पाण्यावर तरंगतो, पाणी धरत नाही, तीही अडचण मुरवल्यावर जाते.

मुरबाडी

रामराम. आमच्याकडे भात गिरणीतलं तूस ढिगाने मिळतं. यंत्राने लावणी करायला चटई रोपवाटिका (रोपं चटईसारखी सलग उचलता येतात अशी) करतो, त्यात माती, शेणखत आणि काळं तूस घालतो. चटई हलकी होते, उचलताना तुटत नाही. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेची शिफारसही अशीच आहे: माती ७० ते ८० टक्के, कुजलेलं सेंद्रिय खत १५ ते २०, आणि तूस किंवा तुसाची राख ५ ते १० टक्के. जपानी लोक रोपवाटिकेत काळं तूस फार पूर्वीपासून वापरतात.

शहरातल्या मंडळींना एक सांगणं. गिरणीच्या भट्टीतून येणारी करडी-पांढरी भुकटी म्हणजे राख. काळं, आकार शाबूत असलेलं, बोटांत कुरकुरणारं ते जळकं तूस. दोन्ही एकाच पोत्यात येतं. बियासाठी काळं वेगळं चाळून घ्या. तुसात सिलिका भरपूर, ती भातासाठी चांगली.

आज्जी_नौपाडा

चर्चा आवडली. आम्ही दुधी-भोपळ्याचं बी राखेत घोळून ठेवायचो, आणि मक्याची कणसं चुलीवरच्या आढ्याला टांगायचो. पुढच्या वर्षी बी हमखास उगवायचं. धुराने बी चांगलं रुजतं असं माझी सासू म्हणायची. त्यात काही तथ्य आहे का गं?

रोपवाली (ठाणे पश्चिम)

आजी, तुमच्या सासूबाईंच्या म्हणण्याला आधार आहे, आणि तो अलीकडेच सापडला. वणव्यानंतर ऑस्ट्रेलियातलं पुष्कळ रानबी एकदम उगवतं. त्याचं कारण शोधताना २००४ मध्ये धुरात एक संयुग मिळालं, कॅरिकिन गटातलं. वनस्पतीतलं सेल्युलोज जळताना ते तयार होतं आणि फार सूक्ष्म प्रमाणातही निद्रिस्त बियाला जागं करतं. काही बायोचारमध्येही ते आढळलं आहे. कमी मात्रेत काही जणांचं बी लवकर रुजतं, त्यामागे हेही असू शकतं. तोच धूर जास्त झाला की मात्र बियाला बाधतो.

तुमच्या भोपळ्याच्या आणि मक्याच्या बाबतीत मला वाटतं चुलीने आणि राखेने मुख्यतः बी कोरडं ठेवलं आणि पोरकिड्यापासून वाचवलं. आपल्या दमट हवेत तेच मोठं काम. फक्त पेरताना ते बी झटकून, धुऊन घ्यावं, राखेसकट टोचू नये.

केमिकल_काका (ऐरोली)

आजींच्या अनुभवाला माझं अनुमोदन. कॅरिकिनचं माहीत नव्हतं, धन्यवाद.

खारघरी

हळिवाची परीक्षा केली, सविस्तर लिहितो. तीन नमुने घेतले. एक, खालच्या इस्त्रीवाल्याकडून लाकडी कोळशाचे तुकडे, कुटून. दोन, ऑनलाइन मागवलेलं बायोचारचं पाकीट. तीन, बार्बेक्यूच्या गोल गोळ्या, कारण घरात पडून होत्या.

गोळ्यांचा निकाल सर्वांत वाईट. हळीव भिजून फुगलं, त्याभोवती तो बुळबुळीत थर आला, पण मूळ बाहेर येऊन तिथेच थांबलं. टोकं चहाच्या रंगाची.

इस्त्रीवाल्याचा कोळसा आश्चर्यकारक चांगला. साध्या पाण्याइतकीच मुळं, पट्टीवर फरक सांगता येत नव्हता. बंद डब्यातही तसंच.

पाकिटाचं मात्र कोडं आहे. गाळलेल्या पाण्यात बी छान रुजलं, मुळंही लांब. पण वाटी ठेवलेल्या बंद डब्यात निम्मंही रुजलं नाही, आणि डबा उघडल्यावर विझवलेल्या चुलीसारखा वास आला. हा प्रयोग पुन्हा केला, तेच. आता त्या पाकिटाचं काय करू? पाच किलो आहे.

रोपवाली (ठाणे पश्चिम)

फार मोलाचं काम केलंत. नुसतं गाळलेलं पाणी पाहून थांबला असता तर पाकीट "पास" झालं असतं आणि झाकण घातलेल्या ट्रेमध्ये सगळं बी गेलं असतं. आपल्यापैकी बहुतेक जण ट्रेवर प्लास्टिक किंवा झाकण घालतातच, म्हणजे तुमच्या तिसऱ्या डब्यासारखीच स्थिती.

गोळ्यांत भुकटी चिकटवायला खळ आणि कधी दगडी कोळशाची भुकटी, पेट घ्यायला इतर पदार्थ असतात. त्या मातीत कुठेच नकोत, कुंडीत नाही, झाडाच्या आळ्यात नाही. इस्त्रीवाल्याचा कोळसा अख्ख्या लाकडाचा असतो, तुमच्या परीक्षेत उतरला, तर मुरवून वापरा. कोळसा बदलला की परीक्षा पुन्हा.

पाकीट फेकू नका. हे काकांनी सांगितलेल्या पहिल्या प्रकारचं दिसतंय, धुण्याने फारसं साधणार नाही. गॅलरीत जुन्या चादरीवर पातळ पसरा, हवा खेळू द्या, अधूनमधून हलवा. मग कंपोस्टच्या पिंपात थराथराने घाला. उडणारे पदार्थ उघड्यावर कमी होतात आणि उरलेले कंपोस्टमधले जिवाणू बरेचसे खातात. महिन्याभराने परत बंद डब्याची परीक्षा. मुळं साध्या पाण्याच्या जवळ आली तर ट्रेला ५ टक्के, नाहीतर पपई, शेवगा, कढीपत्ता अशा मोठ्या झाडांच्या आळ्यात. तिथे बी नाही, मूळ जुनं आहे, आणि खारघरच्या टेकडीकडच्या मुरमाड मातीत पाणी धरायला त्याचा उपयोगच होईल.

खारघरी

करतो. मेथी, पालक, माठ थेट कुंडीत टाकतो, त्यांना चालेल का मुरवलेला?

रोपवाली (ठाणे पश्चिम)

मेथीला चालेल. ती झटपट रुजते आणि शेंगवर्गातली असल्याने पुढे स्वतःच्या नत्राची थोडी सोय करते. पालकाला सामू थोडा चढलेला आवडतो, त्यालाही हरकत नाही. माठाचं बी अगदी बारीक, शिदोरी नाममात्र, म्हणून त्याच्यासाठी वरच्या एक इंचात बायोचार नको, खालच्या मातीत मिसळा आणि वर चाळलेलं गांडूळखत व माती. मिरची-वांग्याचंही तसंच. ती रुजायला आठवडा-दीड आठवडा घेतात, तेवढा वेळ बी त्या ओलाव्यात पडून असतं, मिश्रणात काही वाईट असलं तर ते त्यांनाच जास्त भोगावं लागतं. भोपळा, दोडका, काकडीचं बी दणकट, त्यांची एवढी काळजी नको.

आणि खाडीकडच्या मंडळींसाठी, वाशी, नेरूळ, कोपरी, कळवा. तुमच्या आवारातली माती भरावाची किंवा खारी असेल तर राखेचा अंश जास्त असलेला बायोचार, म्हणजे तूस किंवा केळीच्या खुंटाचा, धुतल्याशिवाय घालू नका. तिथे क्षार आधीच आहेत. पाऊस दोन-तीन चांगले पडून जाऊ द्या, मग घाला.